ही भीक नव्हे, वर्गणी आहे

बंगळूरच्या कँटोन्मेंट स्टेशनातून उतरून शिवाजीनगरकडे वळले की बाउरिंग रुग्णालय लागते. तेथे एच.आय.व्ही.वरील उपचाराचे, म्हणजे ए.आर.टी.चे केंद्र आहे. सकाळी या केंद्राच्या रांगेत रिक्षावाला असतो, गवंडी असतो, गारमेंट कारखान्यातली बाई असते आणि आपल्याच खात्यातला एखादा माणूसही असतो. गोळ्यांची बाटली पिशवीत टाकून तो दुपारच्या पाळीला कामावर हजर होतो. त्या बाटलीचा एक पैसाही त्याला मोजावा लागत नाही.

हे दृश्य आज साधे वाटते. पण ते आपोआप घडलेले नाही आणि ते कायम राहीलच याचीही खात्री नाही. म्हणून या अंकात महागाई भत्ता आणि रिक्त पदे हे आपले नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवून आम्ही जगभरच्या एच.आय.व्ही.विरुद्धच्या लढ्याला लागणाऱ्या पैशाविषयी लिहीत आहोत. "याचा आणि युनियनचा काय संबंध?" असे विचारणाऱ्या सभासदांना आमची एवढीच विनंती आहे की त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

दोन सभासद

१९९८ साली आमचा एक गँगमन आजारी पडला. वजन उतरले, खोकला सुटेना. रक्ताची तपासणी झाली आणि तिचा निकाल त्याला कळण्याआधी साऱ्या गँगला कळला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा पेला वेगळा झाला. वरिष्ठांनी तोंडी सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. आम्ही भांडलो आणि त्याला हलके काम मिळवून दिले. पण औषध मिळवून देणे आमच्या हाती नव्हते. औषध जगात निघाले होते, मात्र त्याची किंमत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होती. म्हणजे त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांच्या वर. गँगमनच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम! पुढच्या वर्षी तो गेला. खांदा द्यायला चार माणसे जमवताना आम्हाला क्वार्टरच्या दारोदार फिरावे लागले, ही गोष्ट आम्ही आजही विसरलेलो नाही.

दुसरा सभासद मालगाडीवरचा गार्ड. त्याला २००६ साली हाच आजार निघाला. तो सरकारी केंद्रातून गोळ्या घेऊ लागला. दोन वर्षांत पुन्हा लाइनवर गेला, पुढे नियत वयाला सन्मानाने निवृत्त झाला. आज तो नातवाला शाळेत सोडायला जातो. त्याच्या बायकोला लागण झालेली नाही.

दोघांचा रोग एकच, खाते एक, संघटनाही एकच. मग फरक कशाने पडला? मधल्या आठ वर्षांत दोन गोष्टी घडल्या. औषध स्वस्त झाले आणि ते विकत घेण्यासाठी पैसा उभा राहिला. या दोन्ही गोष्टी आपल्या देशाच्या सीमेच्या आतबाहेर मिळून घडल्या आहेत.

पैसा कोठून आला

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या साहाय्यावर. १९९९ साली दुसरा टप्पा आला, त्याला जागतिक बँकेने १९ कोटी १० लाख डॉलर दिले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बँकेचा हा पैसा दान नव्हता, ते सवलतीचे कर्ज होते आणि त्याची परतफेड तुमच्या-आमच्या करातून होते. त्याखेरीज निरनिराळ्या देशांची अनुदाने आली. २००१ साली कॅनडा सरकारच्या मदतीने कर्नाटक आणि राजस्थानात काम सुरू झाले. २००३ साली कर्नाटक राज्य एड्स सोसायटी आणि कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठ यांच्या पुढाकाराने बंगळूरला कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्ट उभा राहिला. त्याच वर्षी गेट्स फाउंडेशनने 'आवाहन' हा उपक्रम महाराष्ट्र, कर्नाटकासह सहा राज्यांत आणि ट्रकच्या महामार्गांवर सुरू केला.

१ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने मोफत ए.आर.टी. देण्यास आरंभ केला. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक होते. मुंबईचे जे.जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक. या औषधोपचाराच्या विस्ताराला एड्स, क्षय आणि मलेरिया यांच्याविरुद्ध २००२ साली स्थापन झालेल्या 'ग्लोबल फंड'चा मोठा आधार मिळाला.

या पैशाने काय झाले? 'आवाहन'च्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे एक लाख लोकांची लागण टळली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झाला. २०१० पासून २०२३ पर्यंत भारतात नव्या लागणींचे प्रमाण ४४ टक्क्यांनी उतरले, साऱ्या जगात ते ३९ टक्के उतरले. आज देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांपैकी १७ लाखांहून अधिक लोक सरकारी उपचार घेत आहेत. सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांत महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक पुढे आहेत, म्हणजे आपल्या वाचकांची घरे जेथे आहेत तीच राज्ये.

बंगळूरमध्ये या पैशातून आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे संघटनेच्या माणसाने विशेष लक्ष द्यावे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी येथे स्वाती महिला संघ ही स्वतःची संघटना बांधली आणि पुढे स्वतःची पतसंस्थाही काढली. सावकाराच्या व्याजातून सुटलेली बाई गिऱ्हाइकाला 'निरोध वापर' असे ठणकावून सांगू शकते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. पतपेढीचे महत्त्व रेल्वे आणि टपाल कामगारांना वेगळे सांगायला नको. बाहेरून आलेला पैसा संपला तरी बांधलेली संघटना मागे राहते. ज्या पैशाने संघटना उभी केली तो पैसा खऱ्या अर्थाने सत्कारणी लागला, असे आम्ही मानतो.

आपल्या रुळांनीही यात आपला वाटा उचलला आहे. १ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकातून 'रेड रिबन एक्स्प्रेस' सुटली. वर्षभरात ती सुमारे १८० स्थानकांवर थांबली. डब्यांत प्रदर्शन लावलेले होते आणि गाडीबरोबरचे कार्यकर्ते गावोगाव माहिती सांगत फिरत. ही गाडी चालवणारे, तिला झेंडी दाखवणारे, तिच्या डब्यांना पाणी भरणारे सारे आपलेच बांधव होते. टपाल खातेही मागे राहिलेले नाही. २००९ साली जागतिक टपाल संघ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि टपाल कामगारांचा जागतिक महासंघ यांनी मिळून अनेक देशांच्या पोस्ट ऑफिसांतून एच.आय.व्ही. प्रतिबंधाची मोहीम चालवली.

गोळीचा प्रवास

औषध स्वस्त झाले ते कोणाच्या दयेने झाले नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या देशाने औषधाच्या कृतीवर पेटंट दिले, औषधावर दिले नाही. त्यामुळे आपले कारखाने तेच औषध निराळ्या कृतीने बनवू शकले. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देण्याची तयारी जाहीर केली. दिवसाला एक डॉलरहून कमी! साऱ्या जगाचे डोळे उघडले. २०२३ साली ग्लोबल फंडने जाहीर केलेला वर्षाच्या गोळ्यांचा दर ४५ डॉलरच्याही खाली आलेला होता.

दर इतका कसा उतरला? ग्लोबल फंड आणि अमेरिकेचा 'पेपफार' कार्यक्रम यांनी लाखो रुग्णांसाठी एकगठ्ठा खरेदी केली म्हणून. मोठी ऑर्डर आली की कारखाना पूर्ण पाळ्यांत चालतो आणि नगाचा खर्च उतरतो, हे वर्कशॉपमधल्या कोणाही फिटरला समजते. दौंडजवळच्या कुरकुंभच्या वसाहतीत, बंगळूर आणि हैदराबादेत ही औषधे बनतात, ती आफ्रिकेतल्या रुग्णांपर्यंत पोहोचतात. आंतरराष्ट्रीय पैशाने गरीब देशांसाठी घेतलेल्या या औषधांचा फार मोठा भाग भारतीय कारखान्यांचा असतो. तेव्हा मालावीतल्या शेतमजुराची गोळी थांबली तर तिचा धक्का बंगळूरच्या पॅकिंग खात्यातल्या कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचणार आहे. ऑर्डरी घटल्या आणि दर वाढले तर तो बोजा आपल्या सरकारी खरेदीवरही पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२५ चा तडाखा

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवस थांबवण्याचा हुकूम काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत चालू कामेही थांबवण्याचे आदेश निघाले. जीव वाचवणाऱ्या उपचारांना पुढे सूट मिळाली खरी, पण तोवर अनेक देशांत दवाखान्यांना कुलपे लागली होती आणि परिचारिका, समुपदेशक, गाडीचालक घरी बसले होते. १ जुलै २०२५ पासून 'यू.एस.एड.' ही संस्थाच बंद झाली. त्याच वर्षी ब्रिटननेही परकीय मदतीत मोठी कपात करण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला ग्लोबल फंडची झोळी फिरली. मागणी १,८०० कोटी डॉलरची होती, वचने मिळाली १,१३४ कोटींची.

हे दूरच्या देशांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. कल्याणला आणि पुण्याला तृतीयपंथी बांधवांसाठी चालणारे 'मित्र' दवाखाने आणि हैदराबादचा त्यांचा पहिला दवाखाना हे सारे जानेवारी २०२५ मध्ये एका आदेशाने बंद पडले. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात ज्यांना दुसरा डॉक्टर दारात उभा करत नव्हता, त्यांचे दार असे मिटले.

२०२४ च्या अखेरीस जगात ४ कोटी ८ लाख लोक या विषाणूसह जगत होते आणि त्यांपैकी ३ कोटी १६ लाख उपचार घेत होते. २००४ साली या रोगाने सुमारे २१ लाख माणसे गेली होती, २०२४ साली हा आकडा ६ लाख ३० हजारांवर आला. अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या सेवा कोसळल्या आणि त्यांची जागा कोणी घेतली नाही, तर २०२९ पर्यंत आणखी ४० लाख मृत्यू आणि ६० लाख नव्या लागणी होतील, असा इशारा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने जुलै २०२५ मध्ये दिला.

कामगार बंधू-भगिनींनो, घाटात पावसाळी गस्त आपण का घालतो? गेली दहा वर्षे दरड पडली नाही, तेव्हा गस्तवाल्यांची पदे रद्द करा, असे कोणी साहेब म्हणाला तर आपण काय उत्तर देऊ? दरड कोसळून गाडी घसरली नाही ती गस्तीमुळेच, हेच ना? या रोगाचेही तसेच आहे. गोळ्या रक्तातला विषाणू दाबून ठेवतात, मुळासकट काढत नाहीत. जोवर तो पूर्ण दाबलेला आहे तोवर रुग्ण धडधाकट राहतो आणि शरीरसंबंधातून त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा डोके वर काढतो. गोळ्या थांबत-सुरू होत राहिल्या तर त्या लागूही पडेनाशा होतात. म्हणजे एका ठिकाणी पडलेला खंड पुढे सगळ्यांना भोवतो.

आक्षेप आणि आमचे उत्तर

काही सभासद म्हणतील, परक्यांच्या पैशावर जगणे हीच चूक होती. यात तथ्य आहे. परक्याच्या पैशाला परक्याच्या अटी असतात. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने हे २००५ साली अनुभवले. वेश्याव्यवसायाविरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहून द्या, अशी अट अमेरिकी मदतीला जोडलेली होती. ज्या स्त्रियांबरोबर काम करायचे त्यांनाच दोषी ठरवणारा कागद आम्ही लिहून देणार नाही, असे सांगून संस्थेने तो पैसा परत केला. सांगलीकरांच्या या ताठ कण्याला आमचा सलाम आहे.

पण यावरून पैसाच नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आपला देश हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहिला. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी ठरलेले सुमारे १५,४७१ कोटी रुपये पूर्णपणे केंद्र सरकारचे होते. हा प्रवास करायला आपल्याला जवळजवळ तीस वर्षे लागली. मोझांबिकला किंवा मालावीला ती संधी एका रात्रीत नाकारणे हा न्याय नाही. हात सोडायचाच असेल तर आधी चालता येऊ द्यावे.

दुसरा आक्षेप असा की, आपल्याच देशात पैसा पुरत नसताना दुसऱ्याला का द्यायचा? याचे उत्तर आपल्या पावती पुस्तकात आहे. शाखेतला सभासद दर महिन्याला वर्गणी देतो, तेव्हा त्याच्यावर आरोपपत्र आलेले नसते. ज्याच्यावर आले आहे त्याच्या केससाठी ती वर्गणी खर्च होते. उद्या पाळी कोणाची येईल हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सगळे देतात. १९९२ साली पाळी आपली होती. आज दुसऱ्यांची आहे. भारतही ग्लोबल फंडला आपला हिस्सा देत आला आहे आणि २०१९ साली त्याने २ कोटी २० लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते. ही परंपरा चालू राहिली पाहिजे आणि वाढली पाहिजे. ज्याची ऐपत मोठी त्याची वर्गणी मोठी, हे तत्त्व मात्र श्रीमंत देशांना सोडता येणार नाही.

पाठ फिरवण्याची ही वेळही सर्वांत वाईट आहे. वर्षातून दोनच वेळा टोचून लागण टाळणारे लेनाकापाविर हे औषध जून २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. तेथे त्याची किंमत वर्षाला २८ हजार डॉलर आहे. ते बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या कंपन्या आहेत. २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरला ते देण्याचे करारही जाहीर झाले आहेत. माल तयार होत आहे आणि गिऱ्हाइकाच्या हातातून पाकीट काढून घेतले जात आहे, असा हा प्रकार आहे.

आपण काय करायचे

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१) महासंघाने आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत श्रीमंत देशांच्या कपातीविरुद्ध ठराव मांडावा. या संघटनेने २०१० साली एच.आय.व्ही. आणि कामाचे जग यांविषयी २०० क्रमांकाची शिफारस मंजूर केलेली आहे. ती कागदावर राहू नये.

२) केंद्र सरकारने ग्लोबल फंडमधील भारताचा हिस्सा वाढवावा आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तरतुदीला कात्री लावू नये. परदेशी मदतीअभावी बंद पडलेल्या सेवा सरकारने स्वतः चालवाव्यात.

३) कोणत्याही व्यापार करारात औषधांच्या पेटंटचे नियम अधिक कडक करण्यास सरकारने नकार द्यावा. पेटंट कायद्यातील ज्या कलम ३ (ड) चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केला, त्याला हात लावू नये.

४) २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या रोगावरून नोकरीत भेदभाव करणे गुन्ह्यासारखेच लाजिरवाणे आणि बेकायदा आहे. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. प्रत्येक शाखेने आपल्या शेडमध्ये, वर्कशॉपमध्ये, सॉर्टिंग ऑफिसात हा अधिकारी कोण, हे लेखी विचारावे.

चौथी मागणी आपण स्वतः पार पाडायची आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक महामंडळाच्या रोजंदारी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला की, जो काम करण्यास सक्षम आहे त्याला केवळ या विषाणूमुळे कामावरून काढता येणार नाही. तो कामगार नाव लपवून लढला. आपल्या सभासदाला नाव लपवावे लागू नये, अशी हवा आपल्या रनिंग रूममध्ये आणि कँटीनमध्ये निर्माण करणे हे कोणत्याही परदेशी निधीचे काम नव्हे. त्याला पैसाही लागत नाही.

येत्या १ डिसेंबरला प्रत्येक शाखेने द्वारसभा घ्यावी, जवळच्या केंद्रातील समुपदेशकाला बोलवावे आणि वरील मागण्यांचा ठराव करून महासंघाकडे पाठवावा. आमच्या त्या गँगमनच्या वेळी औषध होते, पैसा नव्हता. आज औषध आहे, पैसाही जगात आहे. तो काढून घेतला जात असताना आपण गप्प बसलो, तर पुढच्या अंत्ययात्रेला खांदेकरी शोधत पुन्हा दारोदार फिरण्याची पाळी कोणावर तरी येईल. ती बंगळूरला येवो की ब्लँटायरला, कामगार तो कामगारच.

कामगार एकजुटीचा विजय असो!